आईसाठी मेडिकल मॅरिवानाचं कार्ड: डॉक्टर शोधण्याआधी पासपोर्ट बघा

केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर आईने मऊ वरणभाताचं ताटसुद्धा समोरून उचलायला लावलं. वासानेच तिला ढवळून यायचं. मळमळीची नेहमीची औषधं चालू होती, पण भागत नव्हतं. तेव्हा ऑन्कॉलॉजीच्या नर्सने पहिल्यांदा विषय काढला, "न्यू जर्सीत मेडिकल मॅरिवानाचा प्रोग्रॅम आहे, विचार करून बघा." घरी येताना आई गाडीत गप्पच होती. एडिसनचा एक्झिट आला तेव्हा म्हणाली, "म्हणजे गांजाच ना गं? आयुष्यभर घरात विडी येऊ दिली नाही आणि आता मी गांजा ओढू?"

ओढावा लागला नाही. जिभेखाली धरायचे थेंब होते. त्या थेंबांनी आजार गेला नाही, पण ती दोन घास जेवू लागली आणि रात्री चार-पाच तास झोपू लागली. आमच्यासाठी तेवढंही फार होतं.

हे ओळखीच्यांत कळल्यावर मला फोन येऊ लागले. कुणाच्या बाबांना कॅन्सरचं दुखणं, कुणाच्या सासूबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस, कुणाची स्वतःचीच पाठ. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न "डॉक्टर कुठला गाठला?" हाच असतो. मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. म्हणून ज्या क्रमाने मी हे पुन्हा केलं असतं, त्या क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. कुठे कुणाला विचारायचं, ते जागच्या जागी सांगते.

आधी हा गुंता समजून घ्या

अमेरिकेत एकाच वस्तूवर दोन कायदे एकाच वेळी लागू असतात. तुमचं राज्य म्हणतं, आजारी माणसाने गांजा वापरला तर आम्ही पकडणार नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याने मात्र १९७० साली गांजाला पहिल्या शेड्यूलमध्ये टाकलं. वैद्यकीय उपयोग नाही आणि व्यसनाचा धोका मोठा, अशा पदार्थांची ती यादी. २०२४ साली फेडरल सरकारनेच तो तिसऱ्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य असलेल्या, कमी धोक्याच्या यादीत, आणायचा प्रस्ताव मांडला. वर्गवारीत असा बदल झाला, तरी राज्याच्या दुकानातली बाटली आपोआप फेडरल नियमात बसणारं औषध होत नाही. नव्याने आलेल्या माणसाने हे वाक्य नीट लक्षात ठेवावं.

मग राज्यांनी ही वाट काढली कशी? सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने माणसं मरत होती, तिथून. मेरी जेन रॅथबन नावाच्या म्हाताऱ्या बाई सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या एड्स वॉर्डात गांजा घातलेल्या ब्राउनी वाटायच्या. त्यांना अटक झाली, तरी त्या थांबल्या नाहीत. लोक त्यांना 'ब्राउनी मेरी' म्हणत. डेनिस पेरॉन यांचा जोडीदार एड्सने गेला होता. पेरॉननी आजारी लोकांना गांजा मिळावा म्हणून क्लबच काढला. या माणसांच्या खटपटीतून प्रपोझिशन २१५, म्हणजे आजारी लोकांना गांजा वापरू देण्याचा मतदारांपुढचा प्रस्ताव, उभं राहिलं. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ते सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर केलं. भूक मेलेल्या, हाडं वर आलेल्या माणसांना चार घास जाऊ देत, एवढीच मागणी होती. आईचं ताट परत जात होतं तेव्हा मला हे पुन्हा पुन्हा आठवायचं.

त्यानंतर काही राज्यांत मतदानाने, काही ठिकाणी विधिमंडळातून कायदे होत गेले. आज सुमारे ४० राज्यांत कुठला ना कुठला वैद्यकीय प्रोग्रॅम आहे. न्यू जर्सीचा कायदा विधिमंडळातून आला. गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी पद सोडायच्या आदल्या दिवशी, १८ जानेवारी २०१० रोजी, त्यावर सही केली. पहिली डिस्पेन्सरी, म्हणजे हे विकणारं परवान्याचं दुकान, मात्र २०१२ च्या डिसेंबरात उघडली. कायदा होणं आणि रुग्णाच्या हातात बाटली येणं, यांत कधी कधी वर्षं जातात. तुमच्या राज्यात 'कायदा झाला' अशी बातमी वाचलीत, तर दुकान कधी उघडणार तेही बघा.

मग फेडरल सरकार राज्यांना अडवत का नाही? अडवू शकतं. कॅलिफोर्नियातल्या एका रुग्ण बाईंनी स्वतःसाठी लावलेली सहा झाडं फेडरल अधिकाऱ्यांनी २००२ साली उपटून नष्ट केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००५ साली ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला, की राज्याने परवानगी दिली तरी फेडरल कायदा लागू होतोच. डिसेंबर २०१४ पासून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बजेटमध्ये एक अट घालत आली आहे: राज्यांचे वैद्यकीय प्रोग्रॅम मोडण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. रुग्णाला खरा आडोसा आहे तो एवढाच. इमिग्रेशनचं खातं या अटीत येत नाही.

पहिली पायरी: घरातल्या प्रत्येकाचा स्टेटस कागदावर लिहा

कार्डाचा, म्हणजे रुग्ण म्हणून राज्याकडे नोंद झाल्याच्या ओळखपत्राचा, अर्ज, डॉक्टरची भेट, दुकानात सहज चक्कर, सगळं नंतर. आधी एक कागद घ्या. रुग्ण कोण, बाटली आणणार कोण, ती कुणाच्या घरात राहणार, आणि त्यातलं कोण अमेरिकन सिटिझन आहे, कोण ग्रीन कार्डवर, कोण एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (त्याच्या कुटुंबाचा) किंवा एफ-वन (विद्यार्थ्याचा) व्हिसावर, हे लिहून काढा.

इमिग्रेशन हा फेडरल विषय आहे, त्यामुळे तिथे राज्याचं कार्ड तुमची बाजू सावरत नाही. उलट ते कार्डच पुरावा ठरू शकतं. सिटिझनशिपचे अर्ज तपासणाऱ्या खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सूचना काढली: राज्याच्या कायद्यात बसत असलं तरी गांजाशी संबंधित कृतीमुळे अर्जदाराचं 'चांगलं चारित्र्य' नाकारलं जाऊ शकतं. इतर व्हिसावाल्यांचं तर आणखी नाजूक. गुन्हा सिद्ध व्हायलाच लागतो असं नाही. अधिकाऱ्यासमोर "हो, माझ्याकडे होतं" अशी कबुली दिली, तरी देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ग्रीन कार्डसाठी जी मेडिकल तपासणी होते, त्यातही ड्रग्जबद्दल विचारतात.

आमच्या घरात आई सिटिझन, मी सिटिझन. माझा भाऊ मात्र तेव्हा एच-वन-बीवर होता. आईची सगळी धावपळ तोच करत होता, म्हणून केअरगिव्हर, म्हणजे रुग्णासाठी औषध आणायला राज्याकडे नोंदवलेला माणूस, म्हणून त्याचंच नाव द्यायचं आम्ही ठरवलं होतं. फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी एका इमिग्रेशन वकिलांशी वेगळ्याच कामासाठी बोलणं झालं. विषय निघाला आणि त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. केअरगिव्हर झाला म्हणजे त्याने गांजा विकत घेतला, बाळगला आणि दुसऱ्याला दिला. राज्याच्या लेखी ती सेवा. फेडरल नजरेत त्यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव आहे. शेवटी फॉर्मवर माझं नाव घातलं. रात्री दीडला उठून आईला पाणी देणारा तो, आणि कार्डावर नाव माझं. त्याला वाईट वाटलं, पण पुढे त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज गेला तेव्हा आम्ही किती थोडक्यात वाचलो ते कळलं.

म्हणून माझं ठाम मत: रुग्ण आणि केअरगिव्हर दोघंही सिटिझन असतील, तरच पुढची पायरी चढा. रुग्ण सिटिझन नसेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या, मग डॉक्टरकडे जा. वकीलही गांजाची प्रकरणं हाताळलेला हवा. एच-वन-बीची फाइल चांगली भरणारा प्रत्येक वकील यात जाणकार असेलच असं नाही.

दोन गोष्टी इथेच सांगते, कारण तरुण मंडळी त्यात सापडतात. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, गांजाच्या कंपनीत नोकरी धरू नका, मग ते काम अकाउंटिंगचं असो की सॉफ्टवेअरचं. तिथला पगारही फेडरल नजरेत गांजाच्या धंद्यातलाच पैसा. आणि फोनमध्ये दुकानाचे, बाटल्यांचे फोटो, "आज घेतली, मस्त झोप लागली" असले मेसेज ठेवू नका. विमानतळावर फोन बघायला मागू शकतात.

कुणी विचारलं तर खोटं बोलायचं का? नाही. इमिग्रेशनच्या अर्जात खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो गांजापेक्षा जड जातो. म्हणून तर वकिलाकडे आधी जायचं, प्रश्न समोर आल्यावर नव्हे.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांसाठीही अनेक जण विचारतात. व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस राज्याचा रहिवासी धरला जात नाही, त्यामुळे न्यू जर्सीत त्यांना कार्ड मिळणार नाही. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या दुकानातून "आपल्या नावावर घेऊन त्यांना देऊ" हा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडा. पुढच्या वेळी त्यांचा व्हिसा अडला, तर नातवंडांची भेटही अडते. त्यांच्या डॉक्टरांशी बोला. केमोच्या मळमळीवर ड्रॉनॅबिनॉल नावाची कॅप्सूल आहे. त्यात प्रयोगशाळेत तयार केलेलं टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, असतं, तिला एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या फेडरल खात्याने, १९८५ सालीच मान्यता दिली आणि ती साध्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळते. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, म्हणजे ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोमसाठी, गांजाच्या झाडातून काढलेल्या सीबीडी या दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या रसायनाचं एपिडिओलेक्स हे औषध २०१८ साली मंजूर झालं. ही फेडरल मान्यतेची औषधं आहेत. सिटिझन नसलेल्या रुग्णाने आधी याच दारावर थाप मारावी.

दुसरी पायरी: तुमच्या राज्याचा नियम, शेजारच्या राज्याचा नव्हे

डॅलसच्या मावशीने सांगितलेलं एडिसनला चालत नाही. टेक्सासचा प्रोग्रॅम २०१५ साली फार अरुंद सुरू झाला, हळूहळू रुंदावला आणि २०२५ मध्ये त्यात जुनाट दुखण्यासारखे आजार आले. तिथे कार्ड नसतं. नोंदणीकृत डॉक्टर राज्याच्या यादीत थेट नोंद करतो. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात. २०१४ साली ५७ टक्क्यांच्या वर मिळूनही रुग्णांची मागणी पडली, आणि २०१६ मध्ये ७१ टक्क्यांनी पास झाली. कॅलिफोर्नियात डॉक्टरच्या शिफारशीवर काम होतं. काउंटीकडून मिळणारं कार्ड ऐच्छिक आहे, पण ते असेल तर सेल्स टॅक्स वाचतो. न्यू यॉर्कमध्ये आजारांची ठरावीक यादीच राहिलेली नाही, डॉक्टरला योग्य वाटेल तो आजार चालतो. जॉर्जियात कमी टीएचसीच्या तेलापुरती मुभा आहे. कॅन्सस आणि आयडाहोत वैद्यकीय प्रोग्रॅम नाही.

न्यू जर्सीच्या यादीत कॅन्सर, जुनाट दुखणं, मल्टिपल स्क्लेरोसिस, मायग्रेन, काचबिंदू, एपिलेप्सी, क्रोन्ससारखे आतड्यांचे आजार, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), चिंताविकार, पाळीतलं तीव्र दुखणं हे सगळं येतं. महिन्याची मर्यादा ३० दिवसांत ३ औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम. ही मर्यादा २०१९ साली वाढली, ती जेक होनिग या मुलाच्या नावाच्या कायद्याने. ब्रेन कॅन्सरने सातव्या वर्षी गेलेल्या जेकला शेवटच्या महिन्यांत तेलाने आराम पडायचा, पण महिन्याचा कोटा आधीच संपायचा. आता अखेरच्या टप्प्यातल्या आणि हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा घेणाऱ्या, रुग्णांना मर्यादाच नाही. तुमचं माणूस त्या टप्प्यावर असेल, तर डॉक्टरला हे मुद्दाम सांगा. आम्हाला ते उशिरा कळलं.

न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही गांजा विकत मिळतो, मग कार्ड कशाला, असंही विचारतात. कार्डवाल्याला सेल्स टॅक्स नाही, रांगेत प्राधान्य आणि मर्यादा वेगळी. आणि मुख्य म्हणजे डॉक्टरच्या फाइलमध्ये नोंद राहते. सत्तरी ओलांडलेल्या, दहा गोळ्या घेणाऱ्या माणसाने दुकानातल्या पंचविशीच्या पोराच्या सल्ल्यावर डोस ठरवावा, हे मला पटत नाही.

तिसरी पायरी: डॉक्टर

डॉक्टर गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, लिहूही शकत नाही. प्रिस्क्रिप्शन फेडरल परवान्यावर चालतं. तो फक्त प्रमाणपत्र देतो, की या माणसाला यादीतला आजार आहे. अशी शिफारस करणं हा डॉक्टरच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या फेडरल अपील कोर्टाने २००२ साली म्हटलं, आणि या सगळ्या व्यवस्थेचा पाया तिथे पक्का झाला. म्हणूनच हे औषध नेहमीच्या फार्मसीत मिळत नाही.

तुमचा नेहमीचा डॉक्टर राज्याच्या प्रोग्रॅममध्ये नोंदलेला असेलच असं नाही. आधी त्यालाच विचारा. नसेल, तर राज्याच्या वेबसाइटवर नोंदलेल्यांची यादी असते. 'पाच मिनिटांत कार्ड' अशी जाहिरात करणारे बरेच आहेत. ते बेकायदेशीर असतीलच असं नाही, पण पाच मिनिटांत तुमच्या आईच्या औषधांची यादी वाचून होत नाही.

भेटीला जाताना निदानाचे रिपोर्ट, चालू औषधांची पूर्ण यादी, आधी काय घेऊन बघितलं आणि काय लागू पडलं नाही त्याची नोंद, एवढं न्या. यादीत आयुर्वेदिक आणि घरगुतीही लिहा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन किंवा फिट्सवरचं क्लोबाझाम चालू असेल, तर आवर्जून सांगा. सीबीडीमुळे या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर तेही लपवू नका. आपल्याकडे हे बोलायची सवय नाही, पण इथे ते न बोलणं महागात पडतं. हृदयविकार, वारंवार तोल जाणं, हेही सांगा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हे घेऊ नये.

उपयोग कशाला होतो, याबद्दल मनात माफक आशा ठेवा. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा २०१७ चा मोठा अहवाल तीन ठिकाणी भक्कम पुरावा मानतो: मोठ्यांचं जुनाट दुखणं, केमोची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णाला जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा. कॅन्सर बरा होतो असं सांगणारा कुणी भेटला, तर तिथून उठा. आमच्या ओळखीत एका घराने केमो थांबवून तेलावर भिस्त ठेवली. पुढचं मला लिहवत नाही.

आईला राजी कसं केलं? वाद घातला नाही. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध नेलं ते आपल्याच देशातून. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने इथल्या वैद्य-हकिमांकडून समजून घेऊन १८३९ साली त्यावर लिहिलं. दुसरी, आपल्या शरीरातही गांजासारखंच काम करणारं एक रसायन बनतं. ते जेरुसलेममधल्या शास्त्रज्ञांना १९९२ साली सापडलं आणि त्याला त्यांनी नाव दिलं आनंदमाइड, संस्कृतातल्या 'आनंद'वरून. आईने संस्कृत शिकवण्यात तीस वर्षं घालवली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बरं, बघू दोन दिवस."

चौथी पायरी: नोंदणी आणि केअरगिव्हर

ही पायरी सोपी. डॉक्टर प्रमाणपत्र ऑनलाइन टाकतो, तुम्हाला नंबर देतो. मग राज्याच्या पोर्टलवर फोटो, राज्याचं ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा. नाव प्रत्येक कागदावर सारखं हवं. आईच्या लायसन्सवर वडिलांचं नाव मधल्या जागी होतं, रिपोर्टवर नव्हतं, त्यात आमचे दिवस गेले. रुग्णाला दुकानापर्यंत जाता येत नसेल तर केअरगिव्हरचा अर्ज सोबतच करा. न्यू जर्सीत दोघांची नावं देता येतात.

आणि घरी झाड लावू नका. न्यू जर्सीत कार्डवाल्या रुग्णालाही ती मुभा नाही.

पाचवी पायरी: डिस्पेन्सरीत पहिल्यांदा

दारावर ओळखपत्र बघतात. आत दागिन्यांच्या दुकानासारखे काउंटर असतात आणि नावं गोंधळात टाकणारी असतात. तुम्ही तीनच गोष्टी विचारा: यात टीएचसी किती मिलिग्रॅम, सीबीडी किती, आणि लॅबचा रिपोर्ट आहे का. नशा चढते ती मुख्यतः टीएचसीने. सीबीडीने तशी चढत नाही. नवख्याने दोन्ही असलेलं, कमी टीएचसीचं तेल किंवा टिंक्चर (थेंबांनी घ्यायचा अर्क) बघावं. फुप्फुसाला त्रास नको असेल, तर ओढायचं आणि व्हेप दोन्ही बाजूला ठेवा.

पैसे रोख किंवा डेबिट. क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही, कारण बँकांना फेडरल कायद्याची भीती. विमा देत नाही, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा देत नाही, एचएसए या आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यातले पैसेही वापरता येत नाहीत. महिन्याचा खर्च स्वतःच्या खिशातून, हे आधीच मांडून बघा.

सहावी पायरी: पहिला डोस

इथे घाई करू नका, अगदी हात जोडून सांगते. ओढलेलं काही मिनिटांत लागतं. खाल्लेलं लागायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि मग सहा-आठ तास, कधी जास्तच, टिकतं. आमची चूक इथेच झाली. थेंबांच्या आधी मी गमीचा, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या जेलीच्या गोळीचा, तुकडा दिला, पाऊण तासात आई म्हणाली, "काहीच होत नाहीये गं," म्हणून दुसरा दिला. दीड तासाने दोन्ही एकदम चढले. छातीत धडधड, खोली फिरते आहे, मी आता मरणार, असं ती म्हणू लागली. मी रात्रभर हात धरून बसले. सकाळी ती बरी होती. पण तिचा विश्वास परत यायला तीन आठवडे गेले.

खाण्याच्या प्रकारात सुरुवात २.५ मिलिग्रॅम टीएचसीने किंवा त्याहून कमी, संध्याकाळी, घरात कुणी असताना. त्या दिवशी दुसरा डोस नाहीच. गमी कापली तर औषध दोन्ही तुकड्यांत सारखं असेलच असं नाही, म्हणून थेंबांची बाटली बरी. दोन-तीन दिवस तोच डोस, मग गरज असेल तर थोडा वाढवा. तुपकट जेवणाबरोबर ते जास्त शोषलं जातं, त्यामुळे एक दिवस उपाशी आणि एक दिवस पुरणपोळीनंतर असं करू नका. वहीत तारीख, वेळ, किती थेंब, झोप किती, जेवण किती, हे लिहा. आमची ती वही डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत मागून घेतली. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा लावून ठेवा. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगा.

बाटली आणि गमीज कुलपात. गमीज दिसायला खाऊसारख्याच दिसतात आणि घरात नातवंडं असतात. लहान मुलाने खाल्ली असं वाटलं, तर थांबून बघू नका. पॉइझन हेल्पलाइन १-८००-२२२-१२२२. मूल गुंगीत असेल, उठत नसेल, तर ९११.

सातवी पायरी: घराबाहेर

कार्ड असलं तरी नशेत गाडी चालवणं गुन्हाच आहे. पेनसिल्व्हेनियात तर रक्तात गांजाचा अंश सापडला तरी केस होते, नशा काल उतरलेली असली तरी. शिवाय तिकडे जायला डेलावेअर नदी ओलांडताना बाटली गाडीत असेल, तर तुम्ही राज्याची सीमा ओलांडून गांजा नेलात. फेडरल कायद्यात हा गुन्हा आहे, दोन्ही बाजूंना प्रोग्रॅम असले तरीही. हडसन नदीपलीकडे न्यू यॉर्कला मुलीकडे जातानाही हेच. विमानात नेऊ नका.

नोकरी करत असाल तर कंपनीचं ड्रग टेस्टचं धोरण आधी वाचा. कोलोरॅडोत चाकाच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या, कार्ड असलेल्या माणसाला टेस्टमुळे काढलं, आणि २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचीच बाजू घेतली. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रुग्ण कर्मचाऱ्याला दाद मागायची वाट मोकळी ठेवली. पण ट्रक चालवणारे, फेडरल कंत्राटावर काम करणारे यांना हा आधार धरता येत नाही. ज्येष्ठांच्या सरकारी अनुदानाच्या अपार्टमेंटमध्ये आपले बरेच आईवडील राहतात. तिथे फेडरल नियम लागतो. घर जाऊ शकतं. सही करण्याआधी लीज वाचा.

आणि भारत. पुण्याच्या काकांच्या गुडघ्यांसाठी "चार गमीज बॅगेत टाक" असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. अमेरिकेतल्या कार्डाला तिथे काही अर्थ नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा, चरस आणि त्यांपासून बनवलेलं मिश्रण गुन्ह्यात येतं, आणि बाहेरून आणणं हा वेगळा गुन्हा आहे. "भांग तर उघड विकतात की" हा युक्तिवाद चालत नाही. भांग पानांची असते, आणि नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. गमीत अर्क असतो. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल, तर धोका आणखी मोठा. सिंगापुरात ठरावीक प्रमाणावर या गुन्ह्याला फाशी आहे. निघायच्या आदल्या दिवशी पर्स, औषधांचा डबा, कोटाचे खिसे रिकामे करून बघा.

नूतनीकरण, आणि उरलेलं औषध

डॉक्टरचं प्रमाणपत्र फार तर वर्षभराचं असतं आणि कार्डाची मुदत वेगळी असते. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लावा. प्रमाणपत्र संपलं तर कार्ड असूनही दुकान परत पाठवतं, आणि रुग्णाचं दुखणं तारीख बघून थांबत नाही.

शेवटचा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही, मलाही तो आधी सुचला नव्हता. माणूस गेल्यावर काय करायचं? केअरगिव्हरचं कार्ड रुग्णाच्या कार्डावर उभं असतं. रुग्ण गेला, की घरातली बाटली नुसता गांजा होते, आणि दिवसांना आलेल्या पाहुण्यांत कुणाकुणाचे व्हिसा असतात. प्रोग्रॅमला कळवा. उरलेलं कुणाला देऊ नका, कितीही दुखत असलं तरी. तेल, गोळ्या जे असेल ते खराब होईल असं कशात तरी कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. बाटलीवरचं नाव खरवडून काढा. आईची अर्धी बाटली उरली होती. तेराव्यानंतर, सगळे गेल्यावर, सकाळच्या चहाचा चोथा होता, त्यात मी ती ओतली.